नो-ड्यूजच्या फॉर्मवर नसलेला रकाना

नाशिकमधील सर्व बांधकाम व्यावसायिकांना,

सप्रेम नमस्कार.

माझा नोटीस पिरियड चालू आहे. गेल्या सोमवारी ऑफिसमधून नो-ड्यूजचा, म्हणजे कंपनीचं सगळं परत दिल्याचा, फॉर्म हातात आला. लॅपटॉप, चार्जर, कंपनीचं सिमकार्ड, ओळखपत्र, हेल्मेट, सेफ्टी शूज, लेझरचं मोजमापाचं यंत्र, पेटी कॅशचा हिशेब, साईट केबिनची किल्ली. नऊ रकाने, प्रत्येकापुढे कुणाची तरी सही. शूजचे तळवे पार झिजलेत, तरी ते परत द्यायचे. स्टोअरकीपरने ते उलटेपालटे करून पाहिले, 'चालेल' म्हणाला आणि सही ठोकली. अकरा वर्षं मी या बांधकाम कंपनीत साईट इंजिनिअर म्हणून काढली. पाच इमारती पायाच्या खड्ड्यापासून टेरेसच्या टाकीपर्यंत माझ्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या. त्या काळात मला जे कळलं, ते परत करायचा रकाना त्या फॉर्मवर नाही.

हे माझ्या मालकांबद्दलचं गाऱ्हाणं नव्हे, हे आधीच सांगते. पगार सात तारखेच्या पुढे कधी गेला नाही आणि लॉकडाऊनमध्ये त्यांनी एकालाही घरी बसवलं नाही. मी सोडते आहे ती घरच्या कारणाने. पण गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत आणि आडगावपासून देवळालीपर्यंत माझ्या वर्गातली निम्मी मंडळी आज कुठल्या ना कुठल्या साईटवर आहेत. चहाला भेटलो की गप्पा फिरून फिरून माणसाबरोबर निघून जाणाऱ्या या माहितीवरच येतात. म्हणून पत्र एका शेठना न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही ताबा दिलेल्या एका इमारतीत ४०२ नंबरच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली. वर ५०२ चं बाथरूम. साहजिकच ५०२ चं बाथरूम फोडलं. टाईल्स काढल्या, वॉटरप्रूफिंग नव्याने केलं, पाणी भरून दोन दिवस टेस्ट घेतली. एक थेंब उतरला नाही. पंधरा दिवसांनी ४०२ मधल्या काकूंचा फोन: ओल आहे तिथेच आहे, उलट कपाटामागे बुरशी धरली. मग कुणीतरी म्हणालं की पाणी आणखी वरून येत असेल. ६०२ चं बाथरूम फोडलं. तिथेही तेच. आता दोन घरांतली माणसं आमच्यावर चिडलेली आणि तिसऱ्या घरातली ओल जशीच्या तशी.

इमारत बांधताना आम्ही प्रत्येक टप्प्याचे फोटो अ‍ॅपवर चढवले होते. हजारांनी फोटो. दोन ज्युनिअर मुलांना बसवून दोन दिवस शोधायला लावलं. फोटो तारखेप्रमाणे लागलेले, जागेप्रमाणे नाहीत. डक्ट (पाईप उतरतात ती उभी पोकळी) कुठली, मजला कितवा, काही कळायला मार्ग नाही. पाईपचा फोटो हा पाईपचाच फोटो असतो.

शेवटी मी नानांना फोन लावला. नाना म्हणजे आमचे प्लंबिंगचे जुने फोरमन. काम सोडून निफाडकडे गावी गेलेले, आता द्राक्षबाग बघतात. ऑक्टोबरची छाटणी चालू होती. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. मी इमारतीचं नाव घेतलं, ओल कुठे ते सांगितलं. ते दोन क्षण थांबले आणि म्हणाले, "मॅडम, ती उत्तरेकडची डक्ट ना? तिथं बीम आडवा आला होता बघा. लाईन सरळ उतरंना, म्हणून पाचव्याच्या किचनची लाईन आपण स्लॅबखालनं फिरवून घेतली. बाथरूमकडं बघूच नका. चारशेदोनच्या लॉफ्टवर, पीओपीच्या मागं एल्बो आहे. तो बघा." पीओपी कापलं. एल्बोच्या, म्हणजे पाईपच्या वळणाच्या तुकड्याच्या, सांध्यातून ठिबकत होतं. दीड-दोनशे रुपयांचं सामान लागलं. फोन चार मिनिटं चालला असेल, आणि त्यातलं एक मिनिट द्राक्षाच्या भावावर गेलं.

या चार मिनिटांचा हिशेब मांडून बघा. बीम आडवा आला तेव्हा काय केलं, हे नानांच्या डोक्यात होतं. ते ड्रॉइंगवर कुणी लाल पेनने उतरवलं असतं, तर फोन करावाच लागला नसता. आणि छाटणीच्या ऐन गर्दीत नानांनी फोन उचलला, शांतपणे आठवून सांगितलं, ते काय पगारासाठी? पगार बंद होऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या मुलीच्या लग्नात शेठ दोन दिवस आधीपासून हजर होते, याची ती परतफेड होती.

ज्याला पुस्तकात बौद्धिक भांडवल म्हणतात ते हेच. माणसाच्या अंगातलं कसब आणि आठवण हे मानवी भांडवल. ते माणसातून निघून वहीत, नकाशात, पद्धतीत, सॉफ्टवेअरमध्ये उतरलं की संस्थेचं भांडवल. आणि गिऱ्हाईक, सप्लायर, ठेकेदार, जुने कामगार यांच्याशी जपलेला विश्वास हे नात्यांचं भांडवल. स्वीडनमधल्या स्कॅंडिया या विमा कंपनीने १९९० च्या दशकात वार्षिक अहवालासोबत या भांडवलाची वेगळी पुरवणी काढायला सुरुवात केली. तिथे हे काम बघणारे लीफ एडव्हिन्सन यांची मांडणी सोपी होती: संध्याकाळी माणसं घरी गेल्यावर कंपनीत जे मागे राहतं, ते संस्थेचं भांडवल. आपल्या साईटवर संध्याकाळी काय मागे राहतं, याचा विचार करून बघा. सिमेंटच्या गोण्या, सळया, सेंटरिंगच्या प्लेटा आणि वॉचमन.

सीए लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडचं लेखामानक २६ सांगतं की कुशल माणसं ही सहसा ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाहीत, कारण त्यांच्यावर कंपनीचा पुरेसा ताबा नसतो. नियम बरोबरच आहे. नानांवर कुणाचा ताबा असणार? पण ताळेबंदात जे दिसत नाही ते नसतंच, अशी एक सवय आपल्याला लागली आहे. मिक्सर बिघडला तर त्याच दिवशी मेकॅनिक येतो. फोरमन गेला तर 'दुसरा बघू' म्हणतो.

आता डिजिटलकडे येते.

आपल्या धंद्यात डिजिटल काहीच झालं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. सरकारने लावलं ते सगळं आपण केलं. १ मे २०१७ ला महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, सुरू झालं, तेव्हापासून दर तिमाहीची प्रगती वेबसाईटवर चढते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड लागतो, तोही छापतो. परवानगीचे नकाशे ऑनलाईन जातात, जीएसटी ऑनलाईन, चलन ऑनलाईन. बाहेरच्याला दाखवायचं ते डिजिटल झालं. आत मात्र व्हॉट्सअ‍ॅपचा एक ग्रुप आणि त्यात रात्री साडेअकराला पडलेलं सुधारित ड्रॉइंग, ज्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचे पंचवीस केक येऊन बसतात. सकाळी फिटर जुन्या प्रिंटवरून कॉलमची सळई बांधतो. हा अनुभव ज्याला आला नाही, अशा साईट इंजिनिअरला मला भेटायचं आहे.

मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २०१७ च्या अहवालात जगभरच्या बांधकामाचा आकडा होता: दोन दशकांत कामगारामागची उत्पादकता वर्षाला साधारण १ टक्क्याने वाढली. एकूण अर्थव्यवस्थेत हाच वेग २.८ टक्के, कारखानदारीत ३.६. हा आकडा आता सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या पहिल्या स्लाईडवर असतो. तो दाखवून झाला की दुसऱ्या स्लाईडवर त्यांचं अ‍ॅप. मधला प्रश्न कुणी विचारत नाही: अ‍ॅपमध्ये भरायचं काय, आणि ते कुणाला येतं?

आमच्याकडे अ‍ॅप आलं तेव्हा मीच सगळ्यात खूश होते. रजिस्टर लिहून लिहून मनगट दुखायचं. अ‍ॅपमध्ये स्लॅबच्या क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट पाण्याने ओलं ठेवण्यासाठी, एक रकाना होता. काँक्रीट झाल्यापासून दिवस मोजायचा आणि सातव्या दिवशी आपोआप हिरवा व्हायचा. हिरवा झाला की पाण्याची नोंद बंद, पाणी मारणारा माणूस दुसऱ्या कामावर. छान वाटलं. एप्रिल होता. आठव्या दिवशी सकाळी मी वर गेले तर आमचे स्लॅबचे मिस्त्री पाळी घालून केलेल्या वाफ्यांत पाईप सोडून उभे. म्हटलं, मिस्त्री, हे तर काल संपलं. ते म्हणाले, "मॅडम, सिमेंट बघा की कोणतं आहे. आणि ऊन बघा." एवढंच बोलून वाकून पाईप पुढच्या वाफ्यात टाकला.

मी केबिनमध्ये येऊन आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक उघडलं. सात दिवस हे साध्या ओपीसी सिमेंटला. फ्लाय अ‍ॅशवालं, म्हणजे आपण सर्रास वापरतो ते पीपीसी असेल, तर किमान दहा दिवस. हवा कोरडी आणि गरम असेल तरीही दहाच्या खाली यायचं नाही. आपल्याकडे दोन्ही गोष्टी होत्या. मिस्त्रींनी हे मानक आयुष्यात पाहिलेलं नाही, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पण अ‍ॅपपेक्षा त्यांचं बरोबर होतं. अ‍ॅप बनवणाऱ्याचीही फार चूक नव्हती. कुठल्या तरी दुसऱ्या साईटचा साचा त्याने जसाच्या तसा दिला, आणि आमच्यापैकी कुणी तो वाचला नाही. सात खोडून दहा करायला त्याला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं आम्ही मागितली ती आठ महिन्यांनी. तोवर किती स्लॅबचे रकाने सातव्या दिवशी हिरवे झाले, ते मी मोजलेलं नाही. मोजायची हिंमत झाली नाही म्हणा हवं तर.

माझं म्हणणं एवढ्यात मावतं. सॉफ्टवेअर तुमच्या कंपनीला शहाणं करत नाही. कंपनीत जे शहाणपण आहे ते सगळ्या साईटवर, सगळ्या माणसांपर्यंत पोचवतं. आणि शहाणपण नसेल, किंवा असूनही कुणी विचारलं नसेल, तर तीच चूक सहा साईटवर एकाच वेळी, हिरव्या रंगात पोचवतं.

आता एक कबुली. चेकलिस्ट. काँक्रीट टाकण्याआधी टॅबवर ३२ मुद्दे तपासायचे: कव्हर ब्लॉक (सळईखालचे ठोकळे), सळयांचं अंतर, प्रॉप्स (स्लॅबखालचे टेकू), स्लीव्ह (पाईपसाठी ठेवायची भोकं), इलेक्ट्रिकचे पाईप, सगळं. प्रत्येकापुढे 'हो' किंवा 'नाही'. सुरुवातीला मी स्लॅबवर उभी राहून प्रामाणिकपणे भरायची. एकदा दोन ठिकाणी 'नाही' केलं. दहा मिनिटांत शेठचा फोन आला. ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "आरएमसी काँक्रीटच्या गाड्या निघाल्यात, आणि आत्ता 'नाही' काय?" प्रश्न चुकीचा नव्हता, वेळ चुकीची होती. पण त्या दिवसापासून मी आधी माणसाकडून दुरुस्त करून घ्यायची आणि संध्याकाळी केबिनमध्ये बसून ३२ च्या ३२ 'हो' करायची. दोन मिनिटांत. मीच नाही, सगळेच. वर्षभराचे रिपोर्ट काढले तर आमची साईट देवाने बांधल्यासारखी दिसेल.

नुकसान काय झालं ते बघा. त्या वर्षभरात कव्हर ब्लॉक कुठे कमी पडायचे, कुठला ठेकेदार प्रॉप कमी लावायचा, स्लीव्ह कोण विसरायचं, हे सगळं आम्हाला माहीत होतं. रोज पकडत होतो, रोज सुधारत होतो. कंपनीच्या खात्यात त्यातलं काहीच जमा झालं नाही. 'नाही' हाच खरा माल होता आणि आम्ही तो दारातच टाकून देत होतो. ज्या कंपनीत 'नाही' लिहिल्यावर फोन येतो, तिथे कितीही महागडं अ‍ॅप आणा, त्यात फक्त 'हो' साठणार.

तुम्ही म्हणाल, मॅडम, जुन्या माणसांचं कौतुक ठीक, पण तो बीम आडवा आला तो तुमच्या नानांच्या काळातच ना? खरं आहे. बीआयएमचं, म्हणजे अख्ख्या इमारतीचं संगणकावरचं त्रिमितीय, मॉडेल केलं असतं तर डक्ट आणि बीमची टक्कर कागदावरच दिसली असती. मी बीआयएमच्या विरोधात मुळीच नाही. नागपूर मेट्रोच्या कामात महामेट्रोने फाइव्ह-डी (वेळ आणि खर्चही जोडलेलं) बीआयएम वापरलं, म्हणजे आपल्याच राज्यात हे होतं आहे. सात मजली इमारतीलाही ते आज परवडतं, निदान डक्ट आणि टॉयलेटपुरतं तरी करावं असं माझं मत आहे. पण मॉडेल झाल्यावरही साईटवर काहीतरी आडवं येणारच. तेव्हा फोरमन जो निर्णय घेईल, तो मॉडेलमध्ये परत कोण टाकणार, हे ठरलेलं नसेल तर सहा महिन्यांत मॉडेल एक आणि इमारत एक. मग तेही फोटोंसारखंच.

ज्यांना हे सगळं हळवेपणाचं वाटत असेल, त्यांच्यासाठी कायद्याची गोष्ट. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेतला, कारागिरीतला किंवा दर्जाचा दोष निघाला, तर तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायची जबाबदारी तुमची. पाच वर्षं. आता तुमचं पगारपत्रक काढा आणि बघा, आज ताब्यात असलेल्या इमारती ज्यांनी बांधल्या त्यांतले किती जण अजून तुमच्याकडे आहेत. जबाबदारी पाच वर्षांची आणि आठवण दोन वर्षांची. मधली तीन वर्षं बाथरूम फोडत काढायची. सध्या सिंहस्थाच्या कामांची धांदल आहे, २०२७ पर्यंत ती वाढतच जाणार, आणि बऱ्या इंजिनिअरला, बऱ्या फोरमनला चार पैसे जास्त देणारं कुणीतरी रोज भेटणार. थांबवू म्हटलं तरी सगळे थांबणार नाहीत. थांबू नयेत, असंही मी म्हणेन. मीही कुठे थांबले?

माझा भाऊ सातपूरला एका कारखान्यात टूलरूमला आहे. त्याला मी हे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ड्रॉइंगचं सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना. त्यांच्याकडे नवा रिव्हिजन आला की जुनी प्रिंट सहीनिशी परत घेतात, तेव्हाच नवी देतात. दोन प्रिंट एका वेळी मशीनवर राहूच शकत नाहीत. त्याला ना अ‍ॅप लागतं, ना ड्रोन. नियम कडक आणि कागद एक. सातपूर-अंबडला चाळीस-पन्नास वर्षं हे चालू आहे. तिथून पाच-सहा किलोमीटरवर आपण पन्नास-पन्नास कोटींच्या इमारती अशा प्रिंटवर बांधतो, ज्याच्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवलाय आणि रिव्हिजनचा नंबर त्या डागाखाली आहे.

आणखी एक. हे कुणा एका कंपनीचं काम नाही, म्हणूनच पत्र सगळ्यांना. नाशिकची जमीन. वर काळी माती, खाली पिवळा मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पण कुठे किती खोल, हे प्लॉटगणिक बदलतं. नदीच्या बाजूला एक, टेकाडावर दुसरं. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिच्यावर पाया ठेवता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून प्रत्येक प्लॉटवर आपण माती तपासायला बोअर घेतो, सॉइल रिपोर्ट करतो, पाया ठरवतो, आणि रिपोर्ट फाईलला लावतो. शेजारचा बिल्डर पुढच्या वर्षी तेच परत करतो, आणि खोदाईचा अंदाज चुकला म्हणून परत तेवढाच बोंबलतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या शहरात किती बोअर झाले असतील! ते सगळे एका नकाशावर असते तर प्लॉट घेतानाच पायाच्या खर्चाचा अंदाज आला असता. स्वतःचा तपास तरीही करावाच लागेल, पण आंधळेपणाने नाही. यात कुणाचंही व्यापारी गुपित नाही. जमिनीखालचा मुरूम कुणाच्या मालकीचा ब्रँड नसतो. दिंडोरी रोडवर मेरी ही सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ पासून उभी आहे, मातीची आणि काँक्रीटची तपासणी हे तिचं कामच. शहरात अभियांत्रिकीची कॉलेजं आहेत, शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्टचे विषय मिळत नाहीत. तुमच्या संघटनेने एकदा बसून ठरवलं तर वर्षभरात हा नकाशा होईल. गणपतीच्या वर्गणीपेक्षा जास्त खर्च येणार नाही.

मागायचं म्हटलं तर मी फार काही मागत नाही.

ताबा देण्याआधी प्रत्येक डक्टचा, प्रत्येक टॉयलेटचा जसा बांधला तसा नकाशा करून घ्या. लाल पेनने चालेल. फोरमनला लिहिता येत नसेल तर त्याला डक्टसमोर उभा करा, मोबाईलवर त्याच्या भाषेत बोलायला लावा, मराठीत, हिंदीत, भोजपुरीत, आणि त्या रेकॉर्डिंगला फ्लॅटचा नंबर द्या. तारखेचा नको, फ्लॅटचा. अ‍ॅपवाल्याला पहिलं एवढंच सांगा.

माणूस सोडून जाणार असेल तर त्याचा शेवटचा महिना नव्या माणसाबरोबर जाऊ द्या. एका महिन्याचे दोन पगार जातील, त्याला मी खर्च मानत नाही. दोन बाथरूम फोडायला त्याहून जास्त गेले, आणि त्यात लोकांच्या शिव्या धरलेल्या नाहीत.

'नाही' लिहिणाऱ्याला फोन करू नका. करायचाच असेल तर महिन्यातून एकदा, ज्याच्या चेकलिस्टमध्ये एकही 'नाही' नाही, त्याला करा.

आणि चेहरा बघून हजेरी लावणारं जे यंत्र गेटवर बसवलंय, त्यातून कामगारांना काहीतरी द्या. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मिळवायला आमचे गवंडी आणि हेल्पर या ठेकेदाराकडून त्या ठेकेदाराकडे फिरतात, रोजंदारी बुडवून. यंत्रात त्यांचे दिवस मिनिटासकट आहेत. उशीर झाला तर कापायला ते काढता येतात, मग दाखल्यासाठीही काढता येतील. १९९६ च्या कायद्याने आलेला १ टक्का उपकर तुम्ही भरताच आहात, त्याचा फायदा तुमच्याच माणसाला मिळतोय का, एवढं बघा. ज्या मिस्त्रीला हा दाखला मागितल्याबरोबर मिळेल, तो तुमच्या अ‍ॅपला काय चुकतंय ते स्वतःहून सांगायला येईल. आज तो का येत नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस पडत नव्हता. आता पडतो.

माझ्याकडे दोन लांब वह्या आहेत. एकीत पाचही इमारतींतले बदल लिहिलेत: कुठल्या मजल्यावर कुठली लाईन फिरवली, कुठला कॉलम किती सरकला आणि स्ट्रक्चरलवाल्यांनी त्यावर कधी हो म्हटलं, कुठल्या टेरेसला कुणाचं वॉटरप्रूफिंग आहे. नानांच्या त्या फोननंतर लिहायला लागले, म्हणून आधीच्या दोन इमारतींचं जेवढं आठवलं तेवढंच आहे. त्यात चुका असतील. दुसऱ्या वहीत माणसं आहेत. कोण कशात हुशार, कोणाला कुठल्या कामावर एकटं सोडायचं नाही, कोणाला फोन केला तर रविवारीही येतो. ती वही देऊ की नको, यावर मी चार दिवस विचार केला. काही पानांवर मी लोकांबद्दल जरा जास्तच स्पष्ट लिहिलंय. ती पानं फाडली, बाकीची ठेवली.

नो-ड्यूजवर नऊच्या नऊ सह्या झाल्या. फॉर्मच्या खाली थोडी जागा होती, तिथे मी हाताने दहावा रकाना काढला आणि लिहिलं: 'वह्या – २'. एचआरच्या मुलीने विचारलं, यापुढे सही कुणाची घेऊ? तिला सांगितलं, माझ्या जागी जो येईल त्याची. अजून कुणी आलेलं नाही. वह्या साईट केबिनमधल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या क्यूब टेस्टच्या फाईलींखाली आहेत. किल्ली वॉचमनकाकांकडे.

आपली नम्र,
एक साईट इंजिनिअर
नाशिक